पुटकुळी कशाची, नळीत काय

वसईची खाडी, अर्नाळ्याचा किनारा आणि पूर्वेकडचे तुंगारेश्वराचे डोंगर यांच्यामधल्या पट्ट्यात पसरलेल्या वसई-विरार शहरात वैशाखापासून आश्विनापर्यंत हवेतला दमटपणा फारसा हटत नाही, आणि या महिन्यांत कपाळ, पाठ, छाती व खांदे यांवर बारीक पुटकुळ्या उठण्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. घरातली आजी तिला घामोळे म्हणते, आई मुरूम म्हणते, मोबाइलवर दोन-चार चित्रफिती पाहिलेला कॉलेजातला मुलगा ‘फंगल अ‍ॅक्ने’ म्हणतो, आणि मेडिकलच्या काउंटरवर या तिन्ही नावांना बहुधा एकच ट्यूब मिळते. सौम्य किंवा मध्यम मुरमांवर बुरशीनाशक मलम लावून उपयोग होतो का, हा प्रश्न साधा वाटतो खरा. पण त्याचे उत्तर देण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात, एक म्हणजे पुटकुळी कशाची आहे, आणि दुसरी म्हणजे नळीत नेमके काय आहे. व्यवहारात या दोन्ही गोष्टी सहसा कोणी विचारत नाही.

मुरूम, ज्यांना वैद्यकीय मराठीत तारुण्यपीटिका म्हणतात, हा रोमकूपाचा विकार आहे. रोमकूप म्हणजे त्वचेत खोल गेलेली ती सूक्ष्म नळी, जिच्या तळाशी केसाचे मूळ असते आणि जिच्या कडेची तैलग्रंथी आपला स्निग्ध स्राव तिच्यात सोडत असते. वयात येताना अँड्रोजेन गटातील संप्रेरके वाढतात, तैलग्रंथी मोठ्या होतात, स्राव वाढतो, नळीच्या तोंडाशी मृत पेशी झडून न जाता एकमेकींना चिकटतात आणि तोंड बुजते. बुजलेल्या नळीचे तोंड वर उघडे राहिले तर ते काळे दिसते व त्याला ब्लॅकहेड म्हणतात, आणि ते त्वचेखाली बंद राहिले तर पांढरट दिसते व व्हाइटहेड म्हटले जाते. ब्लॅकहेडचा काळेपणा मळाचा नसल्यामुळे चेहरा कितीही खसखसून घासला तरी तो जात नाही, उलट त्वचा चिडते. बंद झालेल्या या तेलकट जागेत क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस नावाचा जिवाणू, ज्याला 2016 पर्यंत प्रोपिओनिबॅक्टेरियम म्हणत, भरभरून वाढतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा त्याच्यावर तुटून पडते, आणि लाल, दुखरी, पुढे कधी पू धरणारी पुटकुळी तयार होते. ब्लॅकहेड-व्हाइटहेड अधिक आणि लाल पुटकुळ्या मोजक्या असतील तर विकार सौम्य समजतात, लाल व पुवाच्या पुटकुळ्या पुष्कळ असतील तर मध्यम, आणि खोल गाठी व व्रण होऊ लागले तर तीव्र. तेल, मृत पेशी, जिवाणू आणि दाह या चार कड्यांच्या साखळीत बुरशीला मुख्य जागा नाही, ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी.

तरीही बुरशीचे नाव येथे येते ते उगाच नव्हे. 1874 साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने डोक्यातल्या कोंड्याच्या पापुद्र्यांत यीस्टसारख्या सूक्ष्म पेशी पाहिल्या आणि पुढे त्यांच्या नावावरून या बुरशीच्या वंशाला मॅलॅसेझिया असे नाव पडले. जुन्या पुस्तकांत ती पिटिरोस्पोरम या नावाने भेटते. पावाचे पीठ फुगवणाऱ्या यीस्टची ही फार दूरची नातलग निरोगी माणसांच्याही अंगावर कायम वस्तीला असते, आणि तिचा स्वभाव तिच्या एका उणिवेतून समजतो: तिला जगण्यासाठी लागणारी मेदाम्ले स्वतः तयार करता येत नाहीत. 2007 साली मॅलॅसेझिया ग्लोबोसा या जातीच्या जनुकसंचाचे वाचन झाले तेव्हा मेदाम्ले बनवणाऱ्या विकराचे जनुकच तिच्यात नसल्याचे दिसले. म्हणून ती माणसाच्या त्वचेवरील तेल लायपेज नावाच्या विकराने फोडते आणि त्यातली मेदाम्ले उचलते. प्रयोगशाळेत तिला वाढवायचे तर नेहमीच्या पोषक थरावर वरून ऑलिव्ह तेल ओतावे लागते, नाहीतर ती उगवतच नाही. डोके, कपाळ, नाकाच्या कडा, छाती आणि पाठीचा वरचा भाग हे तैलग्रंथींचे प्रदेश असल्यामुळे तिची वस्तीही तेथेच दाट असते. अंगावर राहणारी ही भाडेकरीण बहुतेक काळ कोणाला त्रास देत नाही. पण घाम, उष्णता, घट्ट कपडे किंवा औषधे यांमुळे तिला अनुकूल दिवस आले की ती डोक्यात कोंडा, छाती-पाठीवर शिबे, आणि रोमकूपांत शिरली तर खाजणाऱ्या पुटकुळ्या अशी वेगवेगळी रूपे दाखवते.

यातले शेवटचे रूप म्हणजे मॅलॅसेझिया रोमकूपदाह, ज्याला लोक ‘फंगल अ‍ॅक्ने’ म्हणतात. हा विकार 1969 साली वैद्यकीय साहित्यात वर्णिला गेला आणि 1973 साली त्याची स्वतंत्र विकार म्हणून मांडणी झाली, म्हणजे मुरमांच्या मानाने तो अगदीच अलीकडचा. लोकांत रूढ झालेले नाव चुकीचे आहे, कारण तो मुरमांचा प्रकार नव्हे; पण मुरमांशी त्याचे साम्य इतके असते की अनुभवी डॉक्टरही पहिल्या नजरेत फसतो.

मग दोन्हींत फरक कसा करायचा? मुरमांत सगळ्या पिढ्या एकाच वेळी नांदतात: एखादा ब्लॅकहेड, शेजारी लाल पुटकुळी, पलीकडे पुवाची, गालावर मागच्या महिन्याचा काळा डाग. रोमकूपदाहात मात्र एकाच मापाच्या, एक-दोन मिलिमीटरच्या, एकसारख्या दिसणाऱ्या पुटकुळ्या थव्याने उठतात आणि त्यांच्यात ब्लॅकहेड सापडत नाही. त्या चेहऱ्याच्या मध्यापेक्षा कपाळावर केसांच्या रेषेलगत, जबड्याच्या कडेला, आणि त्याहून अधिक छाती, पाठ, खांदे व दंडांच्या बाहेरच्या बाजूला दिसतात. दुसरी मोठी खूण खाजेची आहे. मुरूम दुखतो, ठणकतो, पण सहसा खाजत नाही. ही पुटकुळी खाजते, आणि घाम आला की अधिक खाजते. तिसरी खूण रुग्णाच्या औषधांच्या चिठ्ठीत असते, कारण मुरमांसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या डॉक्सिसायक्लिनसारख्या प्रतिजैविकाने त्वचेवरचे जिवाणू कमी होतात आणि बुरशीला मोकळे रान मिळते, त्यामुळे औषध चालू असताना पुटकुळ्या वाढल्या तर विचार बदलावा लागतो. अर्थात दोन्ही विकार एकाच पाठीवर एकत्र नांदू शकतात, आणि तशी पाठ डॉक्टरच्या संयमाची परीक्षा पाहते.

शंका राहिली तर एक जुनी आणि स्वस्त तपासणी आहे. पुटकुळीचे तोंड हलके खरवडून आतला पांढरट अंश काचपट्टीवर घेतात, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणाचा थेंब टाकतात, वरून पातळ काच ठेवतात आणि थोडा वेळ थांबतात; त्या क्षाराने त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशीची भिंत मात्र चिवट असल्यामुळे टिकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली उठून दिसते. शिब्याच्या पापुद्र्यात या वेळी आखूड तंतू आणि गोल पेशी एकत्र दिसतात, जणू शेवयांच्या खिरीत साबुदाणा पडला आहे. रोमकूपदाहात शेवया बहुधा नसतात, नुसता साबुदाणा असतो, आणि त्यातल्या काही दाण्यांना बाजूने बारीक कोंब फुटलेला असतो, कारण यीस्ट कोंब फोडूनच वाढते. येथे एक खुबी आहे: ही बुरशी निरोगी रोमकूपातही थोडीफार सापडतेच, त्यामुळे एखाददुसरा दाणा दिसला म्हणून निदान होत नाही, दाण्यांची गर्दी दिसावी लागते. जंबुपार किरणांच्या वूड्स दिव्याखाली काही रुग्णांच्या पुटकुळ्या पिवळसर-हिरव्या चमकतात, हाही एक आधार मानला जातो.

निदान असे पक्के झाले की बुरशीनाशकाला खरे काम मिळते. या औषधांतले सर्वांत परिचित नाव किटोकोनाझोल. बेल्जियमच्या जान्सेन कंपनीत 1970च्या दशकात तयार झालेले हे औषध बुरशीच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल नावाचे द्रव्य बनू देत नाही, आणि माणसाच्या पेशीपटलात त्याच जागी कोलेस्टेरॉल असल्यामुळे मार मुख्यतः बुरशीवर बसतो. छाती-पाठीसारख्या मोठ्या भागावर मलम चोळत बसण्यापेक्षा किटोकोनाझोल दोन टक्के किंवा सेलेनियम सल्फाइड अडीच टक्के असलेला, कोंड्यासाठी मिळतो तोच शाम्पू ओल्या अंगाला लावून पाचेक मिनिटे ठेवून धुणे सोयीचे पडते. मात्र बुरशी नळीत खोल असल्यामुळे वरून लावलेले औषध तिच्यापर्यंत पुरेसे पोहोचेलच असे नाही, आणि म्हणून अनेकदा इट्राकोनाझोल किंवा फ्लुकोनाझोलच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्याव्या लागतात. किटोकोनाझोलच्या गोळ्या मात्र या कामासाठी घेऊ नयेत. यकृताला होणाऱ्या इजेमुळे 2013 साली युरोप आणि अमेरिका या दोन्हींकडच्या औषध नियामकांनी त्यांच्या वापरावर कडक बंधने आणली. मलम आणि शाम्पू यांना हा धोका नाही, कारण त्वचेतून रक्तात जाणारे औषध नगण्य असते.

आता मूळ प्रश्न: ब्लॅकहेड आहेत, खाज नाही, विकार उघडच मुरमांचा आहे, तरी बुरशीनाशक मलम लावावे का? असे लावण्याला शास्त्रीय कारणे अगदीच नाहीत असे म्हणता येत नाही. किटोकोनाझोलमध्ये दाह कमी करण्याचा थोडा गुण आहे, अँड्रोजेन संप्रेरके तयार होण्यात ते काही अंशी अडथळा आणते, आणि मुरमांच्या जिवाणूच्या लायपेजवरही त्याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसला आहे. थायलंडमध्ये प्रौढ स्त्रियांच्या मुरमांवर किटोकोनाझोलचे दोन टक्क्यांचे क्रीम आणि औषधविरहित क्रीम यांची तुलना करणारी एक चाचणी 2019 साली प्रसिद्ध झाली, आणि तीत औषधाची बाजू सरस ठरली. परंतु त्या चाचणीतल्या स्त्रिया चाळीसेकच होत्या, आणि तुलना कशाशी झाली हे महत्त्वाचे आहे: साध्या क्रीमपेक्षा चांगले ठरणे वेगळे आणि वर्षानुवर्षे कसाला उतरलेल्या औषधांपेक्षा चांगले ठरणे वेगळे. आजच्या माहितीवर बुरशीनाशक मलम हे मुरमांचे पहिले औषध ठरत नाही. आडवळणाने उपयोगी पडू शकेल असे एक औषध, एवढेच त्याच्याविषयी म्हणता येते.

पहिली औषधे वेगळी आहेत आणि ती महागही नाहीत. रोमकूपाचे तोंड मोकळे करणारे अ‍ॅडापालीन रात्री, जिवाणू मारणारे बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच किंवा पाच टक्क्यांचे, आणि गरजेनुसार क्लिंडामायसिन, पण ते एकटे नव्हे. प्रतिजैविक एकटे लावत राहिले की जिवाणू त्याला दाद देईनासा होतो, आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडीला असले तर ही भीती कमी होते. या औषधांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीच्या अभ्र्याचा रंगही उडतो, आणि गर्भवतीने अ‍ॅडापालीन टाळायचे असते. इतका धीर आणि इतकी पथ्ये सांभाळण्यापेक्षा चार दिवसांत चेहरा गुळगुळीत करणारी ट्यूब माणसाला अधिक पटते, आणि खरा घोटाळा येथूनच सुरू होतो.

कारण भारतातल्या दुकानांत ‘फंगसची क्रीम’ म्हणून जी नळी हातात पडते तिच्यात अनेकदा एकटे बुरशीनाशक नसते. क्लोबेटासोल, ओफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडाझोल आणि टर्बिनाफिन, म्हणजे एक अतितीव्र स्टेरॉइड, दोन जंतुनाशके आणि एक बुरशीनाशक, अशी चौकडी एकाच नळीत कोंबलेली असते. पुटकुळी कशाचीही असो, चारातले एक तरी लागू पडेल, असा हा हिशेब आहे. त्यातले स्टेरॉइड दाह आणि खाज तत्काळ दाबते, लाली उतरते, रंगही जरा उजळतो, म्हणून औषध लागू पडल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्वचेची स्थानिक प्रतिकारशक्ती खाली गेलेली असते आणि बुरशीला आतून फावते. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नको तिथे लव वाढते, आणि मुरमांसारख्याच एकमापी पुटकुळ्या उठतात, ज्यांना स्टेरॉइडचे मुरूम म्हणतात. ट्यूब थांबवली की चेहरा भडकतो, म्हणून माणूस ती पुन्हा लावतो. मुरमांच्या उपायातून मुरूम निर्माण होण्याचे याहून सरळ उदाहरण शोधून सापडणार नाही.

हे केवळ ऐकीव नाही. देशातल्या बारा केंद्रांत झालेल्या आणि 2011 साली भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2,926 रुग्णांपैकी 433 जण, म्हणजे जवळपास पंधरा टक्के, चेहऱ्याला स्टेरॉइड लावत असल्याचे आढळले. त्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याने ते मुरमांसाठीच लावले होते, आणि दुष्परिणाम म्हणून सर्वांत जास्त जणांना, निम्म्याहून अधिकांना, मुरूमच उठले होते किंवा असलेले वाढले होते. साठ टक्क्यांच्या आसपास लोकांना ही क्रीम डॉक्टराने सांगितलेली नव्हती. सल्ला शेजारणीचा, नातेवाइकाचा, पार्लरमधला किंवा दुकानातला होता. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने पुढे यासाठी खास कृतिदल स्थापले, आणि मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत अशी अधिसूचना काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 328 मिश्र औषधांवर बंदीही आली. कागद आणि काउंटर यांच्यातले अंतर मात्र महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात पाहता येते. दुसरीकडे, अर्धवट उपचारांच्या आणि स्टेरॉइडमिश्रित मलमांच्या या काळातच गजकर्णाची बुरशी देशभर हट्टी झाली. टर्बिनाफिनला सहसा दाद न देणाऱ्या तिच्या एका प्रकाराला जपानी संशोधकांनी 2020 साली ट्रायकोफायटन इंडोटिनिए असे नाव दिले, आणि त्या नावात देशाचे नाव कोरले गेले.

वसई-विरारच्या रोजच्या जगण्यात या पुटकुळ्यांना पोषक गोष्टी पुष्कळ आहेत. विरारहून चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर लोकलमध्ये अंगाला अंग लावून, पाठीवर सॅक घेऊन जाणाऱ्याची पाठ ऑफिस गाठेपर्यंत भिजलेली असते, आणि वालीव, सातिवली, गोखिवरे येथल्या कारखान्यांत जाड कृत्रिम धाग्याचा गणवेश दिवसभर घालणाऱ्याची स्थितीही निराळी नसते. ओला कपडा, सॅकचा दाब आणि तेलकट पाठ या तिन्हींत बुरशीचे सगळे साहित्य जमते. चापून लावलेल्या खोबरेल तेलाचाही येथे हिशेब होतो: केसांचे तेल घामाबरोबर कपाळावर उतरल्याने रोमकूप बुजतात, आणि केसांना लावायच्या तेलकट प्रसाधनांमुळे कपाळावर उठणाऱ्या अशा मुरमांचे वर्णन अमेरिकेत 1970 सालीच झाले होते. खोबरेल तेलातले जवळपास निम्मे मेदाम्ल लॉरिक असते. ते मुरमांच्या जिवाणूला मारक असल्याचे प्रयोग आहेत, पण त्याच्या कार्बन-साखळीची लांबी मॅलॅसेझियाला चालणाऱ्या मापात बसते. म्हणून आजीचे तेल केसांच्या टोकांना लावावे, कपाळाला आणि पाठीला नव्हे, एवढी तडजोड पुरते. घरी पोचताच कपडे बदलणे, सुती कापड, आणि एकदा बऱ्या झालेल्या पाठीला पावसाळाभर अधूनमधून त्याच शाम्पूचा हात देणे हेही उपयोगी पडते, कारण ही बुरशी संपत नाही, फक्त आटोक्यात राहते. आणि काचपट्टीची तपासणी गावात जमली नाही तर मुंबईच्या महापालिका रुग्णालयांचे त्वचारोग विभाग आहेतच. मुंबई सेंट्रलला उतरले की नायर रुग्णालय जवळ आहे.

या सगळ्या प्रकरणात बुरशीची एक बाजू उरते, आणि ती उपकाराची आहे. शिबे झालेल्या त्वचेवर फिकट पांढरे डाग का पडतात, याचा शोध घेताना रोममधल्या मार्चेल्ला नाझ्झारो-पोर्रो आणि सिरो पास्सी या संशोधकांना 1970च्या दशकात दिसले की तेल खाऊन वाढणारी मॅलॅसेझिया काही द्विकार्बॉक्सिलिक आम्ले तयार करते, आणि ती त्वचेचा रंग बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला अडवतात. डागांवर उपाय म्हणून त्यांतले अ‍ॅझेलेइक आम्ल वापरून पाहत असताना रुग्णांचे मुरूमही कमी होत असल्याचे लक्षात आले. हे आम्ल जिवाणूंना आवरते, रोमकूपाचे तोंड मोकळे ठेवते, मुरूम गेल्यावर मागे राहणारा काळा डाग फिका करते, गर्भारपणातही सुरक्षित मानले जाते; अमेरिकेत 1995 साली त्याला मुरमांचे औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि भारतात ते दहा ते वीस टक्क्यांच्या क्रीममध्ये मिळते. आज कारखान्यात ते ऑलेइक आम्लापासून, म्हणजे ऑलिव्ह तेलातल्या मुख्य मेदाम्लापासून, ओझोन वापरून बनवतात. बुरशीही ते ऑलेइक आम्लापासूनच बनवते, फक्त तिला ते माणसाच्या पाठीवर मिळते.